घैसास चाळीतली परदेशी खुर्च्यांची मागणी

साध्या लाकडी खुर्चीचं वजन किती भरतं, हे तुम्हाला माहीत आहे? नसणारच. असायचं काही कारणही नाही. मला माहीत आहे, आणि ते माहीत करून घेण्यापायी गिरगावातल्या एका लाकडाच्या वखारीत माझा जो अपमान झाला, तो मी अजून विसरलेलो नाही. पण ते पुढे येईलच.

आधी ऑफिसातल्या खुर्च्यांबद्दल सांगायला हवं. नाहीतर माझा जीव कशात अडकला होता ते तुम्हाला कळायचं नाही. बॅलार्ड इस्टेटमध्ये आयात करणाऱ्या व्यापाऱ्यांचा एक संघ आहे. त्या संघाच्या आकडेवारी शाखेत मी कारकून. आमच्याकडे माणसाचा हुद्दा त्याच्या बुडाखाली काय आहे त्यावरून ओळखायचा. नवा उमेदवार स्टुलावर. कायम झाला की बिनहाताची खुर्ची. सीनिअर असिस्टंट झाला की हाताची खुर्ची. तिच्यावर गादी आली की समजावं, साहेब झाला. मी बिनहाताच्या खुर्चीवर इतकी वर्षं काढली होती, की घरी जेवतानासुद्धा माझी कोपरं अवघडल्यासारखी अंगाशी चिकटलेली असत. त्या वर्षी पालेकर रिटायर झाले आणि त्यांची हाताची खुर्ची रिकामी पडली. ती मला मिळणार की रेडकरला, एवढाच काय तो प्रश्न होता. रेडकर माझ्यामागून लागलेला. पण तो साहेबांना रोज असं काही 'गुड मॉर्निंग' घालायचा, की सकाळ त्यानंच घरून डब्यातून आणलीय असं वाटावं. मला ते जमत नाही. आमच्या घराण्यात कुणालाच जमलं नाही.

अशा नाजूक वेळी भडकमकर साहेबांनी मला आत बोलावलं. शरच्चंद्र भडकमकर हे आमच्या शाखेचे प्रमुख. मसुदा समोर असल्याशिवाय ते शिंकतसुद्धा नसत.

'मिस्टर पोंक्षे,' ते म्हणाले, 'लाकडी फर्निचर.'

'होय, सर,' मी म्हणालो. साहेबांना आधी होय म्हणावं आणि मग विचार करावा.

'परदेशी लाकडी फर्निचरला मुंबईत मागणी किती आहे, यावर रिपोर्ट हवाय. सरकारनं लायसन्सं आवळलीयत. परकीय चलन नाही म्हणतात. इकडे आपले मेंबर खुर्च्या-टेबलं आणायला बसलेत टपून. मागणी आहे असं आकड्यांनी सिद्ध केलंत, तर दिल्लीला अर्ज करता येईल. आणि रिपोर्ट चांगला झाला, तर...' असं म्हणून त्यांनी काचेतून पालेकरांच्या खुर्चीकडे पाहिलं. मीही पाहिलं. बराच वेळ आम्ही दोघं मिळून त्या खुर्चीकडे बघत होतो.

आकडे मिळवणं हा एक स्वतंत्र उद्योग निघाला. जहाजांतून देशात काय काय आलं, त्याचे महिन्यामहिन्याचे तक्ते सरकार छापतं आणि फोर्टातल्या एका सरकारी लायब्ररीत ठेवतं. ठेवतं म्हणजे कुणाच्या हाताला लागू नयेत अशा बेतानं ठेवतं. तिथले गृहस्थ म्हणाले, ऑफिसचं पत्र आणा. पत्र नेलं. म्हणाले, यात पान नंबर नाही. मी म्हटलं, 'अहो, खंड बघितल्याशिवाय पान नंबर कसा कळणार?' ते म्हणाले, 'पान नंबर कळल्याशिवाय खंड कसा काढणार?' हे इतक्या समजुतीच्या सुरात म्हणाले, की क्षणभर मलाच माझी लाज वाटली. शेवटी मी अंदाजानं एक नंबर घातला. त्या पानावर खजुराची आयात निघाली. मग खजुरापासून एकेक पान पुढे सरकत, दर वेळी नवं पत्र नेत, मी एकदाचा फर्निचरपाशी पोचलो.

तिथे कळलं, की सरकार खुर्च्या नगावर नाही, वजनावर, हंड्रेडवेटात मोजतं. 'लाकडी फर्निचर व त्याचे भाग', अमुक हंड्रेडवेट, तमुक रुपये. आता हंड्रेडवेटभर खुर्च्यांवर किती माणसं बसतील, हे सरकार सांगत नाही. तरी मी चिकाटी सोडली नाही. एका वर्षाच्या डिसेंबरात आकडा एकदम उडाला होता. मी खूश झालो आणि त्यावर 'लग्नसराईचा परिणाम' असं आख्खं प्रकरण लिहून काढलं. लिहून झाल्यावर तळटीप सापडली. ती एका परदेशी सर्कशीची बाकं होती. सर्कशीबरोबर आली, सर्कशीबरोबर परत गेली. त्याच पानावर खाली सिंहही होते, पण मी इतकं खाली वाचलंच नव्हतं.

आणि सत्तावन्न सालानंतर तर आकडेच आटत गेले. शेवटी शेवटी लाकडी फर्निचरपुढे नुसती आडवी रेघ. लायसन्स नाही म्हणून आयात नाही, आयात नाही म्हणून आकडा नाही, आणि साहेबांना हवी मागणी. मी हताश होऊन गॅलरीत उभा होतो, तेवढ्यात अप्पा आले. अप्पा म्हणजे गोदीतून रिटायर झालेले आमच्या घैसास चाळीचे सल्लागार. त्यांना सल्लागार कुणी नेमलेलं नव्हतं, पण काढणार तरी कोण?

'अरे हेरंब,' अप्पा म्हणाले, 'रॉकेल नसतं तेव्हा दुकानाबाहेर रांग लागते की नाही? दुकानदाराच्या वहीत मात्र विक्री शून्य. म्हणजे मागणी शून्य झाली का? मागणी वहीत नसते रे. रांगेत असते. तू रांग मोज.'

मी थक्क झालो. इतकं शहाणपणाचं वाक्य अप्पांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनाही ते जाणवलं असावं, कारण लगेच त्यांनी आकडे नीट लागावेत म्हणून रोज सकाळी अनशापोटी कारल्याचा रस घ्यायला सांगितलं.

रांग मोजायची तर आधी हंड्रेडवेटाच्या खुर्च्या करायला हव्यात, म्हणजे एका खुर्चीचं वजन हवं. 'मग आपली न्या की,' आमची ही, म्हणजे मीनाक्षी, म्हणाली. मी विचारलं, 'आहे कुठे?' मीनाक्षी म्हणाली, 'कालिंदीकाकूंकडे. त्यांच्या शेवंतीला बघायला येणार होते ना?'

आमची खुर्ची हा एक विषयच आहे. लग्नात माझ्या सासऱ्यांनी ती दिली. 'व्हिएन्नाची आहे, जावईबापू,' असं त्यांनी मांडवात चारचौघांना ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं होतं. पण खुर्ची आमची असली, तरी ती आमच्याकडे राहत नसे. कुणाकडे मुलगी बघायला आले, कुणाकडे डॉक्टर आले, कुणाकडे मुंज, खाली चौकात समितीची सभा, की लगेच दारात हाक: 'वहिनी, तेवढी खुर्ची.' लग्न झाल्यापासून मी तिच्यावर एकदाच नीट बसलो असेन, तेही न्यायला आलेला माणूस चहा पिऊन होईपर्यंत. घरात सतरंजीवर बसायचं आणि ऑफिसात बिनहाताच्या खुर्चीवर. पुरुषानं कोपर टेकायचं तरी कुठे?

तेव्हा मी नाक्यावरच्या धोंडूच्या सलूनमधली एक खुर्ची मागून घेतली आणि खांद्यावर टाकून वखारीत गेलो. तिथे मोठा काटा असतो. वखारवाल्यानं खुर्ची तोलली, वजन सांगितलं, मग बोटानं टकटक करून म्हणाला, 'जळाऊ म्हणून घेईन. पण पालिश हाय. धूर लई होतो.' मी म्हटलं, मला विकायची नाही, फक्त वजन करायचंय. तो म्हणाला, 'पयले सगळे असंच बोलतात, साहेब.' माझ्यामागे उभ्या असलेल्या दोन बायकांनी हे ऐकलं. मी घरी पोचायच्या आत चाळभर झालं, की पोंक्षे घरातलं सामान सरपणाला काढायला लागले. संध्याकाळी कालिंदीकाकू झाकण घालून वाटीभर उसळ देऊन गेल्या आणि जाताना माझ्याकडे बघून नुसत्या 'होतं असं' म्हणाल्या. मी चडफडलो. पण उसळ खाल्ली.

मग मी चाळीच्या नोटीसबोर्डावर कागद लावला: 'उद्या सायंकाळी प्रत्येक बिऱ्हाडातील खुर्च्यांची पाहणी होईल. देशी की परदेशी हेही नोंदले जाईल. रिपोर्ट दिल्लीस जाईल.' मीनाक्षी म्हणाली, 'अहो, दिल्लीला? म्हणजे ज्यांच्याकडे खुर्ची नाही, त्यांचंही नाव जाणार?' मी तिला सांगितलं, हे आकड्यांचं शास्त्र आहे, तू यात लक्ष घालू नकोस. ती पदर खोचून कालिंदीकाकूंकडे निघून गेली.

पाहणी दृष्ट लागावी अशी झाली. आमच्या चाळीला पुढे एक गॅलरी आणि मागे एक. मी रीतसर पुढच्या गॅलरीनं निघालो. पहिलंच घर कालिंदीकाकूंचं. मधोमध खुर्ची. वेताची बैठक, वाकवलेल्या लाकडाची गोल पाठ, तिच्यावर भरतकामाचा पोपट. 'परदेशी?' मी विचारलं. 'अगोबाई, म्हणजे काय! व्हिएन्नाची,' काकू म्हणाल्या. मी लिहिलं: एक, परदेशी. शेजारी दत्ताराम सामंतांकडे पुन्हा वेताची बैठक, गोल पाठ, वर निळी चादर. तीही व्हिएन्नाची. त्याच्या पलीकडे तशीच, वर उशी. मुंबईकरांची आवड किती सारखी असते, यावर मी चालता चालता मनात एक परिच्छेद रचला.

एक गोष्ट मात्र माझ्या नजरेतून सुटली नाही. दर दारात मला थांबवत. 'आलेच हं, जरा पसारा आवरते.' आतून काहीतरी फरफटल्याचा आवाज येई. मग दार उघडे, घरचा माणूस धापा टाकत असे, आणि समोर खुर्ची. घरोघर सगळे धापा टाकतायत हे बघून मी समासात लिहिलं: चाळीत दम्याचे प्रमाण चिंताजनक. मजला बदलताना अप्पा जिन्यात गाठून गोदीतल्या आठवणी सांगत. एका घरी मी खुर्चीवर टेकून पाहिलं, तर बैठक चक्क कोमट. म्हटलं, ऊन येत असेल. ते घर उत्तरेकडचं होतं, हे फार पुढे माझ्या लक्षात आलं.

सत्तावीस बिऱ्हाडांच्या त्या चाळीत बिनखुर्चीचं एकच घर निघालं. माझं. आमची खुर्ची नेहमीप्रमाणे कुणाकडे तरी गेली होती, आणि कुणाकडे हे विचारावं असं मला वाटलं नाही. शास्त्र म्हणजे शास्त्र. मी लिहिलं: पोंक्षे, शून्य. मीनाक्षीला म्हटलं, 'सगळ्यांकडे खुर्च्या आहेत, मग मेले आपलीच का मागतात?' ती माझ्याकडे बघून असं काही हसली, की लग्नाचे दिवस आठवले. जेवायला गोडाचा शिरा होता. कशाबद्दल, हे मी विचारलं नाही. नवऱ्यानं शिऱ्याचं कारण विचारू नये.

मग रिपोर्ट. घैसास चाळीवरून मी गिरगाव काढलं, गिरगावावरून दादर, दादरवरून सबंध मुंबई. शेवटी खुर्च्यांची मागणी इतकी निघाली, की त्या आणायच्या तर जहाजांची रांग पार अलिबागपर्यंत लागली असती. भडकमकर साहेबांनी रिपोर्ट वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

'चाळीत घरटी एक परदेशी खुर्ची?'

'माझं घर सोडून, सर.'

'मिस्टर पोंक्षे, दिल्लीवाले विचारतील, तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत का? मी उद्या संध्याकाळी स्वतः येतो. आणि हे खरं निघालं, तर पालेकरांची खुर्ची तुमची.'

मी तरंगतच घरी आलो आणि अप्पांना सांगितलं. अप्पा पांढरे पडले. 'पुन्हा?' ते म्हणाले. 'पुन्हा म्हणजे?' मी विचारलं. 'नाही... पुन्हा पाहुणे, असं म्हटलं,' असं पुटपुटत ते लगबगीनं मागच्या गॅलरीकडे गेले. चाळीला माझ्या बढतीची एवढी काळजी आहे, हे बघून मला भरून आलं.

साहेब यायचे होते त्याच संध्याकाळी खाली चौकात नानाची सभा होती. नाना हा तिसऱ्या मजल्यावरचा, समितीचा आमच्या वाडीतला कार्यकर्ता. त्याचा आवाज सभेचा झाला होता, घरी मीठ मागितलं तरी समोरच्या चाळीतून 'झालाच पाहिजे' असं उत्तर यायचं. पाहणीच्या दिवशी तो मोर्चाला गेला होता, त्यामुळे खुर्च्यांचं त्याला काही ठाऊक नव्हतं. साहेबांना सभेचं कळू नये, एवढीच माझी धडपड होती. कारण नोकरांनी सभा-मोर्चांपासून लांब राहावं, असं सर्क्युलर साहेबांनी स्वतःच्या सहीनं काढलेलं होतं.

साहेब आले. कोट, टाय, हातात छत्री. पहिलं घर कालिंदीकाकूंचं. साहेब बसले, पोपटावर पाठ टेकली आणि म्हणाले, 'आहाहा! काय बैठक आहे!'

आणि तिथेच घोटाळा झाला. साहेब उठेचनात. काकूंनी चहा दिला, तो प्यायले. सामंत मागच्या दारातून दोनदा डोकावून गेले. अप्पा म्हणाले, 'साहेब, पुढच्या घरी गरमागरम भजी काढलीयत.' साहेब म्हणाले, 'मग इकडेच आणा की.' भजी आली. साहेबांनी खाल्ली. मागच्या गॅलरीत आख्खी चाळ दाटीवाटीनं उभी होती, आणि मला वाटलं, वा, काय हे आगतस्वागत!

बोटं पुसत साहेब म्हणाले, 'मिस्टर पोंक्षे, घरोघर हिंडायचं कशाला? सगळ्यांच्या खुर्च्या इकडेच मागवा. गॅलरीत ओळीनं मांडा. एकदम मोजून टाकू.'

'छान कल्पना, सर!' मी म्हणालो आणि दारात जाऊन टाळी वाजवली. 'चला रे, आणा आपापल्या खुर्च्या!'

कुणी हललं नाही. मी पुन्हा टाळी वाजवली. सामंत खाली बघायला लागले. अप्पांना एकाएकी खोकला आला. कोपऱ्यात मीनाक्षीनं कपाळाला हात लावला. एवढ्यात जिन्यावर धडधड पावलं वाजली आणि नाना चार स्वयंसेवकांसकट आत घुसला.

'मीनाक्षीवहिनी! खुर्ची द्या तुमची! अध्यक्ष इतक्यात...' आणि त्याची नजर साहेबांवर पडली. परळहून कुणी मास्तर अध्यक्ष म्हणून यायचे होते. नानानं त्यांना पाहिलेलं नव्हतं. चष्मा, कोट, गंभीर चेहरा, एवढीच खूण त्याला सांगितलेली. 'अरे! अध्यक्ष इथेच बसलेत होय! आणि तेही खुर्चीवरच! उचला रे!'

साहेब 'अहो, अहो' म्हणेपर्यंत चौघांनी खुर्ची उचलली. साहेब तिच्या पाठीला घट्ट धरून वरून ओरडले, 'मिस्टर पोंक्षे, हे काय चाललंय?' मी म्हटलं, 'सर, पाय सांभाळा, जिना अरुंद आहे.' घोषणांच्या गजरात साहेब खाली गेले.

माझ्या डोक्यात मात्र भलताच किडा शिरला होता. 'काय गं,' मी मीनाक्षीला विचारलं, 'काकूंची खुर्ची नाना तुझ्याकडे का मागतो?'

'अहो, ती आपली खुर्ची.'

'आणि सामंतांकडची?'

'आपलीच.'

'आणि वरच्या मजल्यावरची, उशीची?'

'अहो, सगळ्या आपल्याच!' ती रडवेली झाली. 'दिल्लीच्या कागदावर आपल्या माणसांची घरं बिनखुर्चीची म्हणून जायची? मी म्हटलं, फिरवू या मागच्या गॅलरीनं. मला वाटलं, तुम्ही पहिल्याच घरी ओळखलीत. सगळ्यांची अब्रू राखायची म्हणून स्वतःच्या घरापुढे शून्य लिहिलंत. मला किती अभिमान वाटला होता! शिरा नव्हता का केला?'

बायकोनं मला मोठ्या मनाचा समजून शिरा केला होता, आणि मला साधी घरची खुर्ची ओळखता आली नव्हती. पालेकरांची खुर्ची रेडकरच्या टेबलाकडे सरकताना मला स्पष्ट दिसली. मी तसाच धावत खाली गेलो.

चौक गच्च भरला होता. साहेब स्टेजवर, त्याच खुर्चीत, गळ्यात झेंडूचा हार. 'अध्यक्ष आता आपले विचार मांडतील,' असं म्हणून नानानं माईक त्यांच्यापुढे धरला. साहेबांनी सवयीनं खिसे चाचपले. मसुदा नव्हता.

'सभ्य स्त्री-पुरुषहो,' साहेब म्हणाले आणि थांबले. बराच वेळ थांबले. 'खुर्ची,' ते म्हणाले.

लोक शांत झाले. यात काहीतरी खोल असावं, असं सगळ्यांना वाटलं.

'आता मी ज्या खुर्चीवर बसलो होतो, ती परदेशी आहे.'

'परदेशी मालाचा धिक्कार असो!' मागून कुणीतरी ओरडलं. 'धिक्कार असो!' चौक गरजला. साहेबांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. त्यांना वाटलं, लोकांना पुरावा हवाय. बिचाऱ्यांनी घाईघाईनं खुर्ची उलटी केली, कारण कारखान्याचं नाव बैठकीखाली असतं, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं. चष्मा सावरून त्यांनी ते माईकवर मोठ्यानं वाचलं:

'बुधाजी रामजी, घोडपदेव, मुंबई.'

माझ्यामागून धावत आलेल्या मीनाक्षीनं पदर तोंडाला लावला. साहेबांनी खुर्चीकडे पाहिलं. मग लोकांकडे. आणि आयुष्यात पहिल्यांदा मसुद्याशिवाय एक अख्खं वाक्य त्यांच्या तोंडून बाहेर पडलं.

'ही खुर्ची मुंबईची आहे!'

टाळ्या.

'मुंबईत झाली! आपल्या माणसाच्या हातून झाली!'

शिट्ट्या आणि टाळ्या. साहेबांचा टाय वाकडा झाला होता, पण त्यांना भान नव्हतं. खुर्ची डोक्यावर धरून ते किंचाळले, 'आणि मुंबई कुणाची?'

'महाराष्ट्राची!' असा आवाज झाला की कठड्यावरची कबुतरं उडाली. साहेबांना ते इतकं आवडलं, की त्यांनी तेच पुन्हा पुन्हा विचारलं. खरे अध्यक्ष, ते परळचे मास्तर, मागाहून आले आणि सतरंजीवर बसून सगळं भाषण ऐकून गेले. जाताना नानाला म्हणाले, असा वक्ता पुष्कळ दिवसांत ऐकला नाही.

'बाबा तर व्हिएन्ना म्हणाले होते,' मीनाक्षी जिना चढताना म्हणाली. तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

'त्यांना कुणीतरी फसवलं असेल,' मी समजूत घातली.

'बाबांना कोण फसवणार?' ती ताडकन म्हणाली. 'त्यांनी तुम्हाला फसवलं असेल.'

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आत बोलावलं. घसा पार बसला होता.

'मिस्टर पोंक्षे, काल संध्याकाळी मी कुठे होतो?'

'गिरगावात, सर. पाहणीला.'

'आणि तुम्ही काय पाहिलंत?'

'काही नाही, सर.'

'काहीच नाही?' साहेबांचा चेहरा पडला. 'टाळ्यासुद्धा नाही?'

'टाळ्या ऐकल्या, सर. अजून कानात आहेत.'

साहेब गालातल्या गालात हसले. मग मी छातीवर दगड ठेवून खरं ते सांगून टाकलं. चाळीत खुर्ची एकच आहे, ती माझी आहे, आणि तीही घोडपदेवची. सांगून झाल्यावर मी उठलो. रेडकरचं अभिनंदन करायचा सरावही मी पहाटे आरशापुढे केला होता.

'बसा,' साहेब म्हणाले. 'सत्तावीस बिऱ्हाडं आणि एक खुर्ची? अहो, मी तिच्यावर बसलेलो असताना मला तिच्यासकट उचलून नेलं! एवढी मागणी मी जन्मात पाहिलेली नाही. हेच लिहा. परदेशी शब्द गाळा. देशी आणायची की परदेशी, ते दिल्लीनं बघावं.'

मी नवा रिपोर्ट लिहिला. अप्पांचं रांगेचं वाक्य त्यात घातलं, कारल्याचं गाळलं. साहेब शब्दाला जागले. सोमवारी ऑर्डर निघाली: श्री. हेरंब पोंक्षे, सीनिअर असिस्टंट. मीनाक्षीनं कोटाला इस्त्री करून दिली. मी ऑफिसात आलो, कोपरं जरा बाहेर काढूनच आलो, आणि बघतो तो माझ्या टेबलापाशी जागा रिकामी.

'तुमची खुर्ची सभेला गेलीय,' रेडकर गोड आवाजात म्हणाला.

मी आत गेलो. साहेब आरशात बघून मूठ वर करण्याचा सराव करत होते. 'आज दादरला बोलावलंय मला,' ते कुजबुजले. 'कोटाशिवाय जातोय, कुणी ओळखणार नाही. पण बोलून दमलं की हात टेकायला काहीतरी लागतं हो. उद्या मिळेल तुम्हाला.' उद्या लालबाग निघालं. परवा परळ. माझी बिनहाताची खुर्ची तोवर दुसऱ्याला देऊन टाकलेली. त्यामुळे सीनिअर असिस्टंट पोंक्षे स्टुलावर बसून काम करू लागले.

रविवारी पुन्हा आमच्याच चौकात सभा. स्टेजवर साहेब, माझ्या हाताच्या खुर्चीत, दोन्ही कोपरं ऐसपैस टेकून. खाली सतरंजीवर मी आणि मीनाक्षी. 'हातांचं पॉलिश मात्र छान आहे हो,' मीनाक्षी माझ्या कानात म्हणाली. मला राग यायला हवा होता. पण खरं सांगू? साहेब मूठ आपटत होते ती माझ्या खुर्चीच्या हातावर, आणि माझी छाती फुगली होती.

तेवढ्यात मागून कालिंदीकाकूंनी माझ्या खांद्याला बोट लावलं. 'हेरंबराव, गुरुवारी शेवंतीला पुन्हा बघायला येतायत. माणसं जरा बडी आहेत. म्हटलं, तुमची ती नवी, हाताची, तेवढी मिळाली असती तर...'

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण खुर्ची मागायला कुणी मीनाक्षीला सोडून माझ्याकडे येण्याची ही पहिलीच वेळ. मी ताठ बसलो.

'काकू, रांग आहे,' मी म्हणालो. 'आधी साहेबांचं गिरगाव, मग पुन्हा दादर, मग लालबाग, मग परळ. त्यानंतर मी. तुम्ही माझ्यामागे उभ्या राहा.'